झडीच्या दिवसांत पाणी कशावर तापवायचं? बंब, सिलिंडर, वीज, ऊन आणि डिझेलचा हिशेब

मुळशीच्या कडेला, पानशेतच्या वर किंवा राजगड तालुक्यात, म्हणजे जुन्या वेल्ह्यात, घर बांधणारा माणूस गरम पाण्याचा विचार करतो तो डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवून. पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो, टाकीतलं पाणी हाताला झोंबतं, हे खरंच. पण त्या दिवसांत आभाळ निरभ्र असतं, सरपण खडखडीत वाळलेलं असतं, वीज बऱ्यापैकी टिकते आणि सिलिंडरची गाडी दारापर्यंत येते. डिसेंबरात काहीही निवडलं तरी निभावतं.

कस लागतो तो आषाढ-श्रावणात. ताम्हिणीच्या बाजूला झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पडवीत रचलेली लाकडंही दमट होतात. तारांवर फांदी पडून वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते. ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते. घरातले सगळे चिखलातून, भिजून आलेले असतात आणि गरम पाणी तेव्हाच हवं असतं. म्हणून इंधन निवडताना वर्षभराच्या सरासरी खर्चाआधी एक प्रश्न विचारावा: जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हे चालेल का?

आधी उष्णतेचं माप

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. एवढंच सूत्र पुरे. चौघांचं घर, माणशी २५ लिटर कोमट पाणी, म्हणजे रोज १०० लिटर. हिवाळ्यात टाकीतलं पाणी १८ अंश आणि अंगावर घ्यायचं ४२ अंश धरलं तर फरक २४ अंशांचा. १०० गुणिले २४, म्हणजे २,४०० किलोकॅलरी. विजेच्या भाषेत एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, तेव्हा हे झालं २.८ युनिट. पावसाळ्यात टाकीचं पाणी २३ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे गरज १,९०० वर येते. थोडी कमी, पण भागवायची साधनंही तेव्हाच लुळी पडलेली.

पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात विसण घालायचं, की थेट ४२ वर काढायचं, याने लागणारी उष्णता बदलत नाही. बदलतो तो टाकीचा आकार. ६० अंशांच्या १५ लिटर गिझरमधून १८ अंशांचं विसण मिसळून २६ लिटर आंघोळीचं पाणी होतं. म्हणजे एका माणसाची आंघोळ. चौघे एकापाठोपाठ जाणार असतील तर मध्ये थांबावं लागणार.

पुढचे दर हिशेबापुरते धरलेले आहेत. आपल्या गावचे दर घालून पुन्हा गुणाकार करावा, पद्धत तीच.

बंब

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेला तांब्याचा बंब कितीतरी घरांत अजून माळ्यावर पडून असतो. तो भंगारात घालू नये. रचना साधी: बाहेर पाण्याचं पिंप, मधोमध आरपार जाणारा नळा, नळ्याच्या खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा, बुडाशी तोटी. जाळ नळ्यातून वर जाताना चहूबाजूंच्या पाण्याला उष्णता देतो. उघड्या चुलीवर ठेवलेल्या हंड्यापेक्षा तो कमी जळण खातो ते यामुळेच.

सुक्या लाकडात किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी मिळतात. त्यातला ३५ टक्के भाग पाण्यात उतरला असं धरलं तर २,४०० किलोकॅलरींसाठी रोज दोन किलो सरपण. विकत घेतलं आणि किलोला ८ रुपये पडले तर १६ रुपये. बांधावरची बाभूळ, आंब्याचा फाटा, करवंट्या, मक्याची बुरकुंडं, तुराट्या घरच्याच असतील तर रोख खर्च शून्य, पण कुणाचा तरी अर्धा तास आणि डोळ्यांत धूर.

आता ओल्या लाकडाचं. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाणीच असतं. एक किलो ओल्या लाकडात जळणारं लाकूड अर्धा किलो, आणि त्यातली काही उष्णता उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात जाते. हातात पडतात सुमारे १,९५० किलोकॅलरी, म्हणजे सुक्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्त. वर जाळ धरत नाही, धुमसत राहतो, नळ्याला काजळी धरते आणि काजळी उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. दोन किलोंचं काम मग चार-पाच किलोंवर जातं. पावसाळ्यात ‘बंब तापतच नाही’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा बंबात काही बिघडलेलं नसतं.

उपाय मार्चमध्ये करायचा असतो. लाकूड होळीच्या सुमारास तोडून मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या फोडाव्यात. अखंड ओंडका वर्षभरात वाळत नाही, ढलपी दोन-तीन महिन्यांच्या उन्हात वाळते. रचताना खाली दगड किंवा फळ्या घालून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटं दूर, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. ताडपत्री चहूबाजूंनी गुंडाळली की आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. वाळलेलं लाकूड ओळखायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात. टणकन आवाज आला तर वाळलं, थप्प आला तर नाही. झडीसाठी आठ दिवसांचं जळण, म्हणजे १५-२० किलो, घरात चुलीजवळ वेगळं ठेवावं. करवंट्यांची एक गोणी तर हवीच. तेल असल्याने त्या दमट हवेतही पेट घेतात आणि बाकीच्या लाकडाला ओढून नेतात.

बंब पेटवण्याआधी पाणी भरायचं. हे सांगायची गरज नसावी, पण रिकामा बंब पेटवल्याने नळ्याचे जोड सुटण्याचे प्रकार दर वर्षी होतात. तोटीतून काढलं तेवढं वरून ओतत राहायचं, पाण्याची पातळी खाली गेली की वरचा उघडा नळा तापून तीच गत. नळ्याच्या तोंडावर तवा किंवा झाकण ठेवून ‘उष्णता अडवण्याचा’ प्रयत्न करू नये, ओढ बंद झाली की जाळ विझून धूर उलटा खोलीत येतो. आणि बंब मोरीत, दार लावून, कधीही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरच्या गिझरइतकाच घातक आहे, फक्त बंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस वेळेवर बाहेर पडतो. निखारे उरले की मात्र धूर नसतो आणि वायू असतोच. तेव्हा निखाऱ्यांचा बंब उबेसाठी झोपायच्या खोलीत ओढून घेणं हा जिवावरचा खेळ आहे.

सिलिंडर

एलपीजीत किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी. गॅस गिझर त्यातला ८० टक्के भाग पाण्यात घालतो असं धरलं तर २,४०० साठी रोज २७० ग्रॅम. १४.२ किलोंचं घरगुती सिलिंडर नुसत्या आंघोळीला ५२ दिवस जातं. किलोला ६० रुपये धरले तर रोजचे १६-१७ रुपये, म्हणजे विकतच्या सरपणाएवढेच. स्वयंपाकाला एक सिलिंडर ४५ दिवस पुरत असेल तर दोन्ही मिळून ते २४ दिवसांत संपेल. हा आकडा आधी माहीत असावा, नाहीतर ‘गॅस एवढ्यात कसा संपला’ म्हणून गळती शोधण्यात दोन दिवस जातात. घाटाकडच्या घराला दोन सिलिंडरचं कनेक्शन घेतल्याशिवाय गॅस गिझर लावू नये.

झडीच्या दिवसांत गॅस हाच सगळ्यात भरवशाचा. वीज नको, ऊन नको, ठिणगीला फक्त दोन सेल लागतात. पण घातकही तोच, म्हणून त्याच्याकडे जरा जवळून पाहू.

मिनिटाला सहा लिटरचा गिझर पाणी २५ अंशांनी तापवताना मिनिटाला सुमारे १७ ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पुरतं जळायला साधारण साडेबारा घनमीटर हवा लागते, म्हणजे १७ ग्रॅमला ०.२ घनमीटर. गावाकडचं बाथरूम चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट, त्यात हवा मावते साडेपाच घनमीटरही नाही. खिडकी बंद करून दहा मिनिटं गिझर चालला तर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन, म्हणजे खोलीतल्या एकूण ऑक्सिजनचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग, संपतो. त्याच्या कितीतरी आधी ज्योत उपाशी पडते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. एलपीजीला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय लुळे पडतात. कडी काढावी हे सुचतं तेव्हा हात उचलत नाही. थंडीत आणि पावसात माणसं खिडकी घट्ट लावतात, एकामागोमाग चौघे आंघोळ करतात, आणि चौथ्यावर प्रसंग ओढवतो.

म्हणून गिझर बाहेर, पडवीत किंवा मागच्या भिंतीवर. आत येईल ती फक्त गरम पाण्याची नळी. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून पत्र्याचा आडोसा करावा, पण वरून आणि खालून मोकळा. सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि खड्ड्यात किंवा तळघरात नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर सखल जागी साचतो. रबरी नळीवर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांनी ती बदलावी.

बाकी तक्रारी ठरलेल्या. गिझर पेटतच नाही: आधी सेल पाहा, मग पाण्याचा दाब. आतला पडदा पाण्याच्या दाबाने हलल्याशिवाय गॅस सुटत नाही. टाकी गिझरच्या दहा फूट वर असेल तर दाब मिळतो ०.३ बार. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेली टाकी पाच-सहा फूटच वर असते, तेवढ्यात बरेच गिझर कुरकुरतात. खरेदीआधी खोक्यावरचा किमान दाब वाचावा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली तर तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी किंवा कोळ्याचं जाळं झालं आहे. तशा अवस्थेत तो एक दिवसही वापरू नये. गोबरगॅसवर हाच गिझर चालेल का, असंही विचारतात. नाही चालत, जेटचं भोक वेगळं लागतं. शिवाय चौघांच्या आंघोळीला साध्या शेगडीवर सुमारे ०.९ घनमीटर गोबरगॅस लागेल, म्हणजे २२-२३ किलो शेण फक्त आंघोळीला. दोन घनमीटरच्या संयंत्रावर स्वयंपाक सांभाळून हे परवडत नाही. थंडीत गॅस कमी सुटतो ते वेगळंच.

वीज

२.८ युनिट पाण्यात गेले, टाकीच्या भिंतीतून निसटले ते धरून ३.२ म्हणू. युनिटचा दर कोणता धरायचा, इथेच बहुतेकांचं चुकतं. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे चढत जातात. गिझरचे महिन्याचे ९६ युनिट घरातल्या इतर वापराच्या वर येऊन बसतात, म्हणजे ते तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातले. तेव्हा बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून उपयोग नाही, शेवटच्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि शुल्क धरून घ्यावा. तो १२ रुपये निघाला तर रोजचे ३८ रुपये. घरात माणसं कमी असतील, बाकी वापर दिवा-पंखा-टीव्हीचाच असेल आणि गिझर धरूनही १०० च्या आत बसत असाल तर दर त्याच्या निम्म्यावरही येईल.

खेड्यातला दुसरा घोळ व्होल्टेजचा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. २३० व्होल्टला दोन किलोवॉट असणारा गिझर १८० व्होल्टला १.२ किलोवॉटच देतो. १५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायला २२ मिनिटांऐवजी ३६ मिनिटं. गिझर खराब नाही, युनिटही जास्त जात नाहीत, फक्त वेळ लागतो. तीन लिटरचा झटपट गिझर मात्र अशा ठिकाणी घेऊ नये. त्याची सगळी भिस्त पूर्ण ताकदीवर असते. १८० व्होल्टला नळातून कोमटसुद्धा धड येत नाही. साठ्याचाच घ्यावा, १५ किंवा २५ लिटर.

वायर २.५ चौरस मिलिमीटर, सॉकेट १६ अँपिअरचं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण), आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग. इन्व्हर्टरवर गिझर चालत नाही. बादलीतला रॉड स्वस्त आहे म्हणून सर्रास वापरतात. बटण बंद करून, प्लग काढूनच पाण्यात हात घालायचा हा नियम घरातल्या लहानांना पाळता येणार नसेल तर रॉड घरात आणूच नये.

छतावर वीज बनवणारे सोलर पॅनेल असतील तर हिशेब पालटतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करून घेतल्यामुळे, उन्हाळ्यात बनवलेले युनिट पुढे वापरता येतात. पण एक लक्षात असू द्या: बॅटरी नसलेली अशी यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडते. झडीत तिचा आधार नाही.

ऊन

शिरूर, दौंड, इंदापूर, बारामतीकडच्या घराला फार विचार करायला नको: सौर बंब. १०० लिटरची यंत्रणा स्वच्छ उन्हात पाणी ६० अंशांच्या आसपास नेते, आणि त्यात विसण मिसळलं की आंघोळीचं १७५ लिटर होतं. चौघांना पुरून भांड्यांनाही उरतं. तोंड दक्षिणेला. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, पण थंडीतला सूर्य आणखी खाली असतो म्हणून कल ३० ते ३५ अंश ठेवायचा. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सौर टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा, नाहीतर पाणी चढत नाही. हवेची उभी नळी मोकळी हवी.

त्या भागातला शत्रू म्हणजे बोअरचं जड पाणी. सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी दोन-चार वर्षांत चोंदतात, तिथे काचेच्या नळ्यांचा किंवा हीट एक्स्चेंजरवाला (ज्यात वापराचं पाणी पॅनेलमधून फिरत नाही असा) प्रकार बरा. काचेच्या नळ्यांतही क्षार बुडाशी साचतात, पण त्या काढून धुता येतात. नळ्या रिकाम्या असताना उन्हात तापल्या आणि दुपारी बारा वाजता कुणी थंड पाणी सोडलं की तडकतात. पाणी नेहमी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर भरावं. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा गंज स्वतःवर घेऊन झिजतो. तो वर्षा-दोन वर्षांनी पाहून बदलला नाही तर टाकीच झिजायला लागते.

पाइप हा दुर्लक्षित खर्च. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे ०.३ लिटर पाणी राहतं. गच्चीपासून मोरीपर्यंत २० मीटर नळी असेल तर रोज सकाळी सहा लिटर थंड पाणी सोडून द्यावं लागतं, प्रत्येक नळाला वेगळं. १५ मिलिमीटरची नळी घातली तर तेच साडेतीन लिटर. नळीवर पांघरूण घातलं नाही तर गच्चीवरचं ६० अंश मोरीत पोचेपर्यंत बरंच खाली येतं.

मुळशी, राजगड, भोर-मावळच्या घाटाकडे सौर बंब ऑक्टोबर ते मे उत्तम. जून ते सप्टेंबर तो पाणी जेमतेम कोमट करतो. पूरक म्हणून टाकीत विजेचा रॉड बसवून देतात, पण तो कायम चालू ठेवला तर रात्रभर १०० लिटर पाणी तापवत राहतो आणि दिवसा ऊन पडलं तरी त्याला काम उरत नाही. संध्याकाळी आभाळ पाहून, लागेल तेवढाच वेळ चालवायचा.

मग डिझेल-रॉकेलचं काय?

आयर्लंड, स्कॉटलंडच्या खेड्यांत अंगणात तेलाची टाकी असते आणि बॉयलर त्यावर पाणी तापवून घरभर रेडिएटरमध्ये फिरवतो. तिथला वाद रॉकेल की डिझेलसारखं जाड तेल, असा असतो. रेडवूड नावाच्या जुन्या मापकातून ठरावीक तेल वाहायला जेवढे सेकंद लागत, त्यावरून तिथे आजही २८ सेकंदांचं आणि ३५ सेकंदांचं तेल म्हणतात. जाड तेलातलं मेण कडाक्यात गोठून गाळणी तुंबते, म्हणून बाहेरच्या टाकीला तिथे रॉकेल पसंत. आपल्याकडे घर तापवायचं नसतं, पाणी तापवायचं असतं, आणि पुण्याच्या थंडीत डिझेल गोठण्याचं कारण नाही: हिवाळी डिझेलची गाळणी ६ अंशांपर्यंत तुंबता कामा नये असं भारतीय मानकच आहे. अडचण किमतीची. डिझेलमध्ये लिटरमागे सुमारे ८,६०० किलोकॅलरी, बर्नरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर चौघांच्या आंघोळीला ०.३३ लिटर. ९० रुपये दराने ३० रुपये. घरापुरतं ते घेण्यात अर्थ नाही.

वसतिगृह, कृषी पर्यटन केंद्र, लग्नाचं कार्यालय असेल तर डिझेलचा विचार होतो. ५० माणसांचं १,२५० लिटर पाणी म्हणजे ३०,००० किलोकॅलरी. डिझेलवर ४.१ लिटर, सुमारे ३७० रुपये. हीट पंप एका युनिटमध्ये हवेतून ओढून साधारण तीन युनिटची उष्णता देतो, तेव्हा १२ युनिटच्या आत भागतं, म्हणजे १४० रुपये. यंत्र लाखाच्या पुढे जातं आणि पाणी हळूहळू तापतं, पण एवढ्या वापराला ते स्वतःची किंमत फेडतं. चांगल्या बांधणीच्या, ५० टक्के कार्यक्षमतेच्या लाकडी बॉयलरला १७ किलो सुकं सरपण. धंद्याच्या जागी घरगुती लाल सिलिंडर चालत नाही, १९ किलोंचं व्यावसायिक घ्यावं लागतं, तो दर धरावा. आमच्या मते रोजचं काम हीट पंपाला आणि वीज गेल्यावरचं लाकडी बॉयलरला द्यावं, डिझेल बर्नर फक्त जनरेटर आधीच आहे अशा ठिकाणी, कारण बर्नरच्या पंख्यालाही वीज लागतेच.

डिझेल घेतलंच तर दोन-तीन गोष्टी. टाकी अर्धी रिकामी राहिली की पावसाळी दमट हवा आत शिरून बुडाशी पाणी साचतं. त्या पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट गाळ धरतो, आणि डिझेलमध्ये मिसळलेलं बायोडिझेल पाणी धरून ठेवायला मदतच करतं. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवावी आणि बुडाची तोटी दर महिन्याला सोडून पाणी काढावं. परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत साठा करता येतो, मात्र एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. बर्नर लाल दिवा लावून बंद पडला की बटण पुन्हा पुन्हा दाबायचा मोह होतो. प्रत्येक दाबण्याला भट्टीत न जळलेलं डिझेल साचतं आणि शेवटी पेट घेतं तेव्हा स्फोटासारखं घेतं. एकदा दाबून पाहावं, नाही पेटला तर फोटोसेलवरची, म्हणजे ज्योत पेटली का ते पाहणाऱ्या डोळ्यावरची, काजळी पुसावी, नोझल (तेलाचा फवारा सोडणारं तोंड) आणि गाळणी पाहावी. धुराचं तापमान दर महिन्याला लिहून ठेवावं, ते २२ अंशांनी वाढलं की सुमारे एक टक्का इंधन वाया, आणि कारण बहुधा काजळी. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून बर्नरमध्ये घालू नये. त्यातले धातू आणि राख नोझल बुजवतात आणि धुरातून जे बाहेर पडतं ते शेजाऱ्याच्या विहिरीवर बसतं.

घाटाकडच्या घराला काय घ्यावं

तिथे एकच साधन पुरत नाही, दोन लागतात, आणि दोघांचं अपयश एकाच दिवशी येणार नाही अशी जोडी निवडावी. सौर बंब आणि विजेचा रॉड ही जोडी दुकानात एकत्र मिळते म्हणून घेतली जाते, पण झडीत ऊन आणि वीज दोन्ही एकदमच जातात. सौर आणि लाकडाचा बंब चांगली. बाहेर लावलेला गॅस गिझर आणि लाकडाचा बंब त्याहून स्वस्तात उभी राहते. वीज टिकत असलेल्या, डांबरी रस्त्यावरच्या घराला १५ लिटरचा गिझर आणि माळ्यावरून उतरवलेला बंब पुरेसा.

मे संपायच्या आत बंबाच्या नळ्यातली काजळी तारेच्या ब्रशने काढून घ्यावी, जाळी तुटली असेल तर बदलावी, गॅस गिझरची पाती साफ करून ज्योत निळी आहे ना ते अंधारात पाहावं, दुसरं सिलिंडर भरून आणावं, करवंट्यांची गोणी पडवीतून आत घ्यावी, आणि गिझरचे दोन सेल नवे घालून जुने डब्यात न ठेवता टाकून द्यावेत, कारण झडीच्या रात्री हाताला नेमके तेच लागतात.